दोघांत एक बेलबॉटम

ती पॅन्ट टिकारामची नव्हती आणि घनश्यामचीही नव्हती. दोघांची होती.

वर्ष पंच्याहत्तर. पिंपळटोलीत तोवर कोणी बेलबॉटम घातली नव्हती. साकोलीवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मात्र दोघांनी ती पाहिली होती, रायपूरकडून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरच्या अंगात. गुडघ्यापर्यंत आवळ आणि खाली घंटेसारखी पसरलेली. चहा प्यायला तो ट्रकपासून टपरीपर्यंत चालत आला, तेवढ्यात टपरीवरचं बोलणं थांबलं. तीच पॅन्ट नागपूरच्या एखाद्या दुकानात काचेमागे टांगलेली असती तर दोघं मान खाली घालून पुढे गेले असते. पण हा त्यांच्याच वयाचा पोरगा होता, कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं, शर्टाचं एक बटण तुटलेलं. त्याला शोभते तर आपल्यालाही शोभेल, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

गोपीचंद टेलरने अशी पॅन्ट कधी कापली नव्हती. तो ट्रक पुन्हा टपरीवर थांबला तेव्हा त्याने क्लीनरला शेजारच्या आपल्या दुकानात बोलावलं, दोनदा गोल फिरवलं, खालची मोहरी टेपने मोजली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर आकार काढून ठेवला. अडचण कापडाची आली. दोघांनी मिळून घेतलेलं टेरिकॉट साध्या पॅन्टपुरतं होतं. तेव्हा गोपीचंदने गुडघ्याखाली दोन्ही बाजूंना लाल कापडाच्या तिकोनी कळ्या घातल्या. ते कापड लग्नातल्या बँडवाल्यांच्या कोटांमधून उरलेलं होतं. मोहरी जमिनीवर घासून फाटू नये म्हणून तिच्या कडेने पितळी चेन शिवली. अशी पॅन्ट त्या ट्रकवाल्याकडेही नव्हती.

टिकारामचे वडील कृष्णराव गावात शब्दाला वजन असलेले शेतकरी. पॅन्ट पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "रस्ता झाडून काढाचं काम लागलं का बे तुले?"

दोघांची उंची सारखी. कमर टिकारामच्या मापाची, म्हणून घनश्याम पट्टा आवळून घाली. एका बाजाराला एकाने, पुढच्या बाजाराला दुसऱ्याने, असं ठरलं होतं. खरी अडचण मंडईची होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाच-खेळ होतो, गावोगावचे पाहुणे येतात आणि प्रत्येक घरी पंगती उठतात. पाहुण्या म्हणून आलेल्या बायका खरेदी कमी आणि पाहणी जास्त करतात, कारण लग्नाच्या अर्ध्या गोष्टी तिथेच सुरू होतात. म्हणून मंडईचा दिवस दोघांनी मधून कापला. दुपारपर्यंत पॅन्ट घनश्यामची, मग टिकारामची.

टिकारामने मुद्दाम दुसरा अर्धा भाग मागितला होता. दिवस कलताना गर्दी वाढते, आणि त्याला त्या गर्दीची गरज होती. त्याच्यासाठी दोन ठिकाणी विचारणा होऊन गेली होती आणि दोन्हीकडून निरोप सारखाच आला होता: पोरगा घुम्या आहे. ते खोटं नव्हतं. टिकाराम बोलायला तोंड उघडेपर्यंत दुसरा कोणी तरी बोलून मोकळा झालेला असे. पॅन्ट आपल्या वतीने थोडं बोलेल असं त्याला वाटत होतं.

दुपारपर्यंत तो घरातच बसून राहिला. त्या पॅन्टमध्ये एकदा लोकांनी पाहिल्यावर पायजम्यात मंडईत फिरणं त्याला जमेना. घनश्याम उशिरा आला, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती. टेरिकॉट पाणी फारसं धरत नाही, पण शिवणीत चिखल बसतो आणि चेनच्या दातांत तर तो घट्ट रुततो. घनश्याम काही सांगायला लागला, कोणाची तरी पोट्टी, गावतळ्यात, बोडीत, पडलेली चप्पल. टिकारामने ऐकून घेतलं नाही. मोजकंच बोलणारा तो माणूस त्या दिवशी पुष्कळ बोलला. मग आईने चिखल धुऊन पॅन्ट चुलीवर धरली, आणि दिवस कलताना टिकाराम ती ओलसर, धुराच्या वासाची पॅन्ट घालून मंडईत गेला. कोणी त्याच्याकडे पाहिलं असं त्याला वाटलं नाही.

पण पाहिलं होतं. आठवड्याभरात कारध्याहून निरोप आला. तिथल्या बेबीबाईंना त्यांच्या भाचीसाठी, रुखमिणीसाठी, मंडईतला तो पोरगा पसंत होता. कृष्णरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. निरोप आणणारा म्हणाला, दिवस कलताना बाईंनी ती पॅन्ट पाहूनच नाव विचारून घेतलं, ते टिकारामचंच आहे.

मुलगी पाहायला कृष्णराव, टिकाराम आणि घनश्याम असे तिघे गेले. पॅन्ट टिकारामच्या अंगात होती. त्या दिवसाची आपली पाळी घनश्यामने सोडली होती. चहा येण्याआधी बेबीबाईंनी शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात पोरींकडून ऐकलेली गोष्ट सांगायला घेतली. रुखमिणीची धाकटी बहीण शकुन, सहा-सात वर्षांची, तिची नवी चप्पल पिंपळटोलीच्या बोडीत गेली. पोट्टी रडून रडून लाल झाली. "एवढी मंडई भरली होती बाप्पा, पण एकानं पाय ओला केला नाही. अन् हे पॅन्टसकट चिखलात. अशी नवीकोरी पॅन्ट."

कृष्णरावांनी मुलाकडे पाहिलं. असा मुलगा आपल्या घरात आहे हे त्यांना नवीन होतं.

टिकारामने तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं, एवढं नक्की. पण शब्द जुळेपर्यंत नेहमीसारखाच दुसरा बोलला.

"मी म्हटलं ना याले, बे पॅन्ट तरी वर खोस," घनश्याम म्हणाला. "ऐकते काय हा."

सगळे हसले. तेवढ्यात रुखमिणी चहा घेऊन आली. खाली घातलेली मान तिने वर केली नाही, रीतच तशी होती. पुढे कित्येक वर्षं ती हौसेने सांगत असे की मी तोंड पाहिलंच नव्हतं, खाली लाल कळी अन् पितळी चेन दिसली, अन् समजलं, हेच ते.

परत येताना कृष्णराव बसमध्ये पुढच्या जागेवर बसले, तेव्हा टिकारामने घनश्यामला विचारलं, काहून केलं असं. घनश्याम खिडकीबाहेर पाहत म्हणाला की तुला दोन जागेवरून 'नाही' आली, आता 'हो' येऊन राहिली तर मुकाट्याने घे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दोघांनाही चहा पाजून उठवलं असतं. माझं काय, मला मिळेल एखादी.

हे सगळं पटण्यासारखं होतं. टिकारामने ते पटवून घेतलं. एक गोष्ट मात्र त्याने विचारली नाही. मंडईत बोडीच्या काठावर शकुनबरोबर तिची मोठी बहीणही उभी असणार. तू तिला पाहिलं होतंस का, हा प्रश्न त्याच्या तोंडापर्यंत आला होता. या वेळी मधे बोलणारं कोणी नव्हतं. तरीही त्याने विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची त्याला भीती होती.

लग्न झालं. पॅन्ट घनश्यामने त्याच्याकडेच राहू दिली; पाळी मागायला तो पुन्हा कधी आला नाही. दीड-दोन वर्षांत त्याचे वडील वारले, थोरल्या भावाने वाटणी करून जमीन विकली, घराला कुलूप लागलं आणि घनश्याम नागपूरला गेला. तो तिथे फूटपाथवर तयार कपडे विकतो असं कळत असे. लग्न मात्र त्याने केलं नाही. का केलं नाही, हे गावात कोणी विचारलं की टिकाराम तिथून उठून जाई.

रुखमिणीने मन लावून संसार केला. दोन मुली झाल्या. नवऱ्याच्या कमी बोलण्याचा तिने कधी राग धरला नाही, कारण तो कसा आहे हे तिला आधीच माहीत होतं. गावात कोणाचा बैल चिखलात रुतला, कोणाला साप चावला, कोणाला साकोलीच्या दवाखान्यात न्यायचं झालं, की ती घरातूनच हाक मारी, अहो, जा ना. आणि टिकाराम जाई. पहिली काही वर्षं तो केवळ धाकाने गेला. आपण एकदा जरी बसून राहिलो तर तिला शंका येईल, असं त्याला वाटे. पुढे जाण्याची सवय झाली. लोक त्याचं नाव घेऊ लागले. कृष्णराव गेल्यावर मंडईच्या समितीत त्यांच्या जागी त्यालाच घेतलं. रुखमिणी बायकांत म्हणे, "आमच्या ह्यायचं असंच हाये. पॅन्टसकट चिखलात जाणारा माणूस." ते ऐकलं की टिकाराम गोठ्याकडे निघून जाई. आपल्या चांगुलपणात आपलं किती आणि उसनं किती, हे त्याला वेगळं काढता येत नव्हतं.

तिला सांगून टाकावं असं त्याला अनेकदा वाटलं. मग वाटे, सांगितलं तर ती कोणाबरोबर राहते आहे असं तिला वाटेल?

ती पॅन्ट ट्रंकेत होती. टिकारामला आता ती कमरेत होत नव्हती. दरवर्षी दिवाळीआधी रुखमिणी ती धुऊन वाळत घाली आणि चेनच्या दातांवरचा हिरवा थर चिंचेने काढी.

चौऱ्याऐंशीच्या मंडईच्या आधी घनश्याम गावात आला. केस कानांवर आलेले, अंगात फिकट निळी जीनची पॅन्ट, इतकी तंग की खाली बसताना त्याला एक पाय लांब करावा लागे. त्याला मंडईत दुकान लावायचं होतं. जीनच्या पॅन्टी, इंग्रजी अक्षरं छापलेली बनियनं, जॅकेटं. समितीचे अध्यक्ष जागेश्वर म्हणाले की असल्या कपड्यांनी पोट्टे बिघडतात, आणि अंगावर काय छापलं आहे हे घालणाऱ्याला तरी वाचता येतं काय. इतरांनीही माना हलवल्या. त्यांच्यातल्या दोघांनी आपल्या तरुणपणी गोपीचंदकडे टिकारामसारखीच पॅन्ट शिवून मागितली होती, हे टिकारामला आठवत होतं. त्याने तसं बोलून दाखवलं नाही. आपल्याच गावचा आहे, बसू द्या, एवढंच तो म्हणाला. शेवटी घनश्यामला दुकानांच्या रांगेबाहेर, बोडीच्या काठावर जागा दिली.

टिकाराम ते सांगायला गेला तेव्हा घनश्याम हसला. नागपुरात पोलीस रोज उठवतात, त्यापेक्षा बोडी बरी, म्हणाला. मग तो आपल्या कपड्यांविषयी बोलत राहिला. कोणते कपडे चालणार हे मोठ्या दुकानदारांना कधीच आधी कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आधी हमाल घालतो, पंक्चरवाला घालतो, भिंतीला टेकून उभा राहणारा रिकामटेकडा घालतो. पाहणाऱ्याला वाटतं, याच्याजवळ काही नाही तरी हा असा उभा आहे. मग ते कापड दुकानात जातं. "आपण क्लीनरले पाहूनच शिकलो ना," तो म्हणाला. टिकाराम हो म्हणाला आणि लवकर उठला. घनश्यामच्या तोंडून जुन्या दिवसांचं काही निघालं की त्याला तिथे बसवत नसे.

मंडईच्या दिवशी टिकारामचं घर पाहुण्यांनी भरलं. कारध्याहून शकुनही आली होती. ती आता भंडाऱ्याला अकरावीत शास्त्र शाखेला होती, मोजकं बोलायची, आणि जे बोलायची ते धीटपणे. सकाळी ती मैत्रिणींबरोबर बोडीकडे गेली आणि पंजाबी ड्रेसवर जीनचं जॅकेट घालून परत आली. बाह्या लांब होत्या, त्या तिने दुमडल्या होत्या. दुकानवाले काका म्हणाले, घालून फिर, आवडलं तर ठेव, नाही तर आणून दे. ती मंडईभर फिरली होती. पोरं मागे वळून पाहत होती आणि बायका तोंडाला पदर लावत होत्या.

रुखमिणी भजी तळत होती. तिने कढई उतरवली, शकुनच्या अंगातून जॅकेट काढलं आणि तशीच तरातरा बोडीकडे गेली. टिकाराम जागेश्वर आणि समितीतल्या माणसांबरोबर पानठेल्यापाशी उभा होता. त्याने तिला जाताना पाहिलं आणि मागे गेला, पण पोचेपर्यंत ती दुकानासमोर उभी होती. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली ताडपत्री. भोवती माणसं होती.

"आमची पोट्टी तुमच्या दुकानाची पाटी हाये का?" ती म्हणाली आणि जॅकेट ताडपत्रीवर फेकलं. ते घसरून काठावरच्या ओल्या मातीत गेलं.

घनश्यामने नुसतं जॅकेटकडे पाहिलं. ते तिला अधिकच लागलं असावं.

"ह्यायच्या पॅन्टवर तुमची जवानी गेली," ती म्हणाली. "उसन्या कपड्यावर मिरवणं तुमाले शोभते. आमच्या घराले नाई."

माणसं हसली. जागेश्वर टिकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनीनं चांगला धुतला ना बे याले." टिकारामच्या ओठांवरही हसू आलं. ते त्याने आणलं नव्हतं, पण आलं होतं. घनश्यामने ते पाहिलं. मग तो वाकला, जॅकेट उचललं, बाहीवरची माती हाताने झटकली.

"बरोबर हाये वहिनी," तो म्हणाला, आणि पॅन्टींच्या घड्या घालायला लागला.

टिकाराम तिथे उभा होता. बोलायला आता कोणाची आडकाठी नव्हती. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. बोडीचं पाणी त्या वर्षी खूप खाली गेलं होतं, काठाचा चिखल वाळून त्याला तडे गेले होते. त्या तड्यांकडे तो पाहत राहिला. रुखमिणी परत निघाली तेव्हा तोही तिच्या मागे निघाला.

घरी तिने पुन्हा कढई चढवली. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. तो उंबऱ्यात बसला आणि त्याने सांगितलं. बोडीत मी उतरलो नव्हतो, तो उतरला होता. पॅन्ट त्या वेळी त्याच्या अंगात होती. मी घरात बसून होतो, माझी पाळी यायची वाट पाहत. सांगायला फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांचं ओझं एवढ्याशा वाक्यांचं होतं, याची त्याला लाज वाटली.

रुखमिणीने झारा तेलात तसाच धरला होता. भजी काळी पडत गेली. मग तिने ती काढली, ताटलीत ठेवली, आणि बोलली.

"शकुन तवाच बोलली होती."

टिकारामने वर पाहिलं.

"लग्नात. तुमी मांडवात आले, त माझ्या कानात येऊन म्हणे, बाई, हे ते नाहीत. चप्पलवाले ते मागं उभे हायेत." ती थांबली. "मी तिले चापट मारली. पुन्हा असं बोलशील त पाह्य, म्हटलं. पोट्टी आजपर्यंत बोलली नाही."

मांडवात घनश्याम आपल्या मागे छत्री धरून उभा होता, हे टिकारामला आठवलं. रुखमिणी कशाकडे पाहत होती ते त्याला कळत नव्हतं.

"मी मान वर करून पाह्यलं असतं त दिसलं असतं," ती म्हणाली. "पाह्यलं नाही."

"चूक माही हाये," टिकाराम म्हणाला.

"हो. तुमची हायेच." तिने कढईखालचं लाकूड मागे ओढलं. "अन् आता मी चारचौघांत बोलली त्याले, अन् तुमी घरात येऊन सांगून राहिले. हे कोणासाठी सांगतलं? माह्यासाठी त नाई. त्याच्यासाठी सांगाचं होतं त तिथंच सांगाचं होतं."

तो उठला, तेव्हा तिने विचारलं की घनश्यामला कोणी जेवायला बोलावलं आहे का. कोणी बोलावलं नव्हतं. मंडईच्या दिवशी गावात आलेला परका माणूसही कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवतो. गावचा माणूस कुलूपबंद घरासमोरून जाऊन हॉटेलात जेवला, असं पिंपळटोलीत कधी झालं नव्हतं. आणि या घराने तर त्याला सर्वांत आधी बोलवायचं होतं. हे आज सकाळपासून टिकारामच्या लक्षात होतं. रुखमिणी ऐकून घेणार नाही अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, पण खरं म्हणजे त्यालाच घनश्याम आपल्या ओसरीवर बसलेला नको होता.

"घेऊन या त्याले," ती म्हणाली. "ताट ओसरीवर मांडतो म्हणा. आतमधी नाही. सगळ्यायले दिसू द्या."

टिकाराम बोडीवर गेला तेव्हा काठ रिकामा होता. ताडपत्रीच्या जागी दाबलेलं गवत होतं. घनश्याम त्याला फाट्यावर सापडला, दोन मोठ्या गाठोड्यांवर बसलेला, साकोलीच्या बसची वाट पाहत. आजूबाजूला दोन-तीन पोरं घुटमळत होती. त्यातल्या एकाने नवी जीनची पॅन्ट घातली होती आणि जुनी धोतराच्या गाठोड्यासारखी काखेत धरली होती.

टिकाराम त्याच्या शेजारी उभा राहिला. रुखमिणीने जेवायला बोलावलं आहे, असं त्याने सांगितलं. मग सांगितलं की तिला सगळं सांगून टाकलं.

घनश्यामने मान वळवली. "सांगतलं? कायले?"

"ती बोलली तुले. माह्यानं ऐकवलं नाही."

"ऐकताना त हसून राहिला होतास ना बे." हे तो रागाने म्हणाला नाही, जे पाहिलं ते सांगितलं. मग गाठोड्याची गाठ उगाच सोडून परत बांधत म्हणाला, "मी दिलं होतं तुले ते. वापरून वापरून तुहंच झालं होतं. गावात विचार ना कोणालेही. आता ते तुहंही नाही राहिलं अन् माहंही नाही."

पोरं पुढे सरकली होती ती घनश्यामने हातानेच मागे हटवली. रस्त्याच्या वळणावर धूळ उठली, पण तो ट्रक होता. टिकारामला ठाऊक होतं की बस आली की हे पुन्हा राहील. त्याने विचारलं.

"तू तिले पाह्यलं होतं का? त्या दिवशी, बोडीवर."

घनश्याम हसला, पण आवाज न करता. "पाह्यल्याबिगर कोणी चिखलात जाते का बे?"

टिकाराम त्याच्या शेजारी खाली बसला.

"ती काठावर उभी होती," घनश्याम म्हणाला. "बहिणीले म्हणे, रडू नको, कोणी तरी काढून देईल. 'कोणी तरी' म्हणताना इकडं पाह्यलं. बस, एवढंच. लहान पोट्टीची चप्पल त आतापर्यंत तिथंच सडली असती."

कारध्याच्या घरात चहा यायच्या आधी घनश्याम बोलला होता, तेव्हा त्याला कोणती मुलगी येणार हे माहीत होतं. टिकाराम हिशेब लावत गेला तसं एकेक स्पष्ट होत गेलं, आणि एकही गोष्ट अशी निघाली नाही जी त्याला तेव्हाच कळू शकली नसती.

तो चल म्हणाला, जेवून जा, पुढची बस घे. घनश्यामने मान हलवली. "आज नाही जमत. वहिनीले सांगजो, पुढच्या मंडईले येतो." बस आली. टिकारामने गाठोडी टपावर चढवून दिली. घनश्यामने ती बांधून घेतली, आणि आत बसल्यावर त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

घरी ओसरीवर दोन ताटं मांडलेली होती, पाण्याचे तांबे भरलेले. रुखमिणीने नवं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या तिघी-चौघी बायका काही तरी कारण काढून अंगणात थांबल्या होत्या. शकुन खांबाला टेकून उभी होती; बहिणीने तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तिचे डोळे रडल्यासारखे दिसत होते.

"नाही आले?" रुखमिणीने विचारलं.

"बस होती त्याची. पुढच्या मंडईले येतो म्हणाला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ होती. "राग आला होता?"

"नाही."

"अजून काही बोलले?"

अंगणातल्या बायका ऐकत होत्या. पण त्या नसत्या तरी फरक पडला नसता, हे टिकारामला बोलतानाच कळलं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

रुखमिणीने मान हलवली. एक ताट उचलून तिने शकुनच्या हातात दिलं आणि आत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, आणि तो बसण्याची वाट पाहत उभी राहिली. तो बसला. भूक नव्हती, पण ती पाहत होती, म्हणून त्याने कालवलं आणि जेवायला सुरुवात केली. घनश्याम कोणाकडे पाहून चिखलात उतरला, हे तिचं असलेलं पुन्हा त्याच्याजवळ आलं होतं, आणि तेही तो तिला देणार नव्हता.